टिंबर, कर्मिट की साधा लॉग? ॲपसाठी काय घ्यायचं

समजा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांसाठी फवारणीच्या नोंदींचं ॲप करताय, तर लॉगिंगची लायब्ररी (ॲपमध्ये काय घडलं त्याच्या ओळी, म्हणजे लॉग, टिपणारा तयार कोड) निवडताना आधी हे बघा की ॲप बागेत गंडलं तर नाशकात कॉलेज रोडच्या ऑफिसात बसलेल्या पोराला ते कळणार कसं, कारण तिथे फोन केबलला लावून लॉगकॅट (कॉम्प्युटरवर फोनचे लॉग दाखवणारं टूल) बघायला कुणी नसतं आणि रेंजचा तर भरवसाच नाही.

ॲन्ड्रॉइडचा स्वतःचा लॉग क्लास आयता मिळतो, पण टॅग (ओळ कुठून आली ते सांगणारं नाव) दरवेळी हाताने द्या आणि रिलीज बिल्डमधून (लोकांना द्यायच्या आवृत्तीतून) लॉग आपोआप गायब होत नाही, आरएटला (R8, रिलीज बनवताना कोड आक्रसणारं टूल) वेगळा नियम लिहून द्यावा लागतो. छोट्या डेमोला ठीक, पुढे नको.

फक्त ॲन्ड्रॉइड असेल तर मी डोळे झाकून टिंबर म्हणेन. जेक व्हॉर्टनची लायब्ररी, एकदम हलकी, 'झाड' (ट्री, म्हणजे लॉग कुठे आणि कसा जायचा ते ठरवणारा क्लास) लावल्याशिवाय एक अक्षर छापत नाही (द्राक्षांच्या गावात झाडं लावा म्हणणारी लायब्ररी, चालायचंच). डीबग बिल्डमध्ये (आपल्या चाचणीच्या आवृत्तीत) टिंबरचं तयार झाड, डीबगट्री, लावा, क्लासचं नाव टॅग म्हणून आपोआप येतं. तेच झाड रिलीजला ठेवलंत तर आरएट नावं बारीक करून टाकतो आणि टॅगच्या जागी नुसता 'ए' नाहीतर 'बी' दिसतो, त्यामुळे रिलीजसाठी स्वतःचं झाड लिहा, त्यात वॉर्निंग आणि एररच फाइलमध्ये जाऊ द्या. मेसेजमध्ये कोटलिनचं डॉलरवालं टेम्प्लेट नको, टक्का-एस (%s) वापरा, नाहीतर एकही झाड नसलं तरी स्ट्रिंग फुकट बनत बसते.

आयफोन पण हवाय आणि कोड कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मचा (दोन्ही फोनसाठी एकच कोटलिन कोड) आहे? मग टचलॅबचं कर्मिट. मेसेज लॅम्डात (गरज पडली तरच चालणाऱ्या कोडच्या तुकड्यात) देता येतो, म्हणजे तो ठरवलेल्या लेव्हलमध्ये (मेसेज किती गंभीर त्याची पायरी) बसत नसेल तर बनतच नाही, आणि किमान लेव्हल एका ओळीत सेट होते. फ्लटरवाल्यांनी (गूगलच्या फ्लटरमध्ये ॲप लिहिणाऱ्यांनी) 'लॉगर' नावाचं पॅकेज घ्या, फक्त त्याचा डीफॉल्ट फिल्टर रिलीजमध्ये सगळं गप्प करतो, प्रॉडक्शन फिल्टर लावा, नाहीतर फाइल रिकामी का म्हणून डोकं खाजवत बसाल.

क्रॅशलिटिक्स (ॲप बंद पडल्याचे रिपोर्ट पाठवणारी फायरबेसची सेवा) पुरेल असं वाटत असेल तर तिथे सेशनचा लॉग ६४ केबीच्या वर गेला की जुन्या ओळी उडतात, दिवसभर ऑफलाइन फिरणाऱ्या माणसाला ते कमीच पडणार. त्यापेक्षा एकेक एमबीच्या दोन फाइली आलटूनपालटून भरा आणि वर्कमॅनेजरला (ॲन्ड्रॉइडवर मागे कामं करणारी लायब्ररी) नेटवर्क आल्यावर पाठवायला सांगा.

ओकेएचटीटीपी या नेटवर्क लायब्ररीचा लॉगिंग इंटरसेप्टर (सर्व्हरशी होणारी देवाणघेवाण टिपणारा भाग) बॉडी लेव्हलवर, म्हणजे पूर्ण मजकुरासकट, ठेवून रिलीज करू नका, शेतकऱ्याचा मोबाइल नंबर, ओटीपी, टोकन सगळं लॉगमध्ये उघडं पडतं. रिलीजला लेव्हल नन (काहीच टिपू नको), आणि टोकन नेणारं ऑथरायझेशन हेडर रिडॅक्ट करा, म्हणजे लॉगमध्ये झाका, डीबगमध्येसुद्धा. मग रिलीज बिल्ड फोनवर टाका, विमान मोडमध्ये मुद्दाम एरर आणा आणि ती फाइल स्वतः उघडून वाचा.