ट्रेकिंग शूजच्या सेलमध्ये 4,097 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

लिहायला लाज वाटतेय, पण श्रावणात सगळेच गडांवर निघतात म्हणून लिहितेय. रील बघताना जाहिरात आली, नामांकित कंपनीचे ट्रेकिंग शूज 6,999 चे 1,899 ला, "गोडाऊन खाली करतोय". लेकीचा पहिला पावसाळी ट्रेक, म्हणून दोघींचे घेतले. 3,798 झाले, प्रीपेडला 200 सूट म्हणून 3,598 भरले. मी 11 वर्षं सह्याद्रीत फिरतेय, शूजमधलं मला कळतं, पण महिनाअखेर होती आणि दुकानात दोन जोड्यांचे नऊ हजार मोजणं शक्यच नव्हतं. स्वस्त दिसलं म्हणून घेतलं, कोणीही घेतलं असतं.

चुकलं ते पुढे. यूपीआयवर पिन टाकायच्या आधी पैसे कोणाला जातायत ते नाव येतं ना, तिथे कंपनीचं नव्हतं, कुठल्यातरी माणसाचं नाव होतं, आडनावासकट. मी ते वाचलं. अंगठा थांबलाही होता. वर "ऑफर संपायला 2 मिनिटं" चाललेलं, आणि मी पिन टाकला. ते नाव अजून डोळ्यांसमोरून जात नाही. नाव वाचा, नाव वाचा, नाव वाचा.

पार्सल आलं तर बॉक्सवर एमआरपी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आत सोल्युशनचा उग्र वास. सोलवर नख दाबलं तर जरासुद्धा रुतेना, कडक प्लास्टिक. आपल्या ओल्या कातळावर असला सोल साबणासारखा सरकतो, तिथे मऊ रबरच लागतं, चिखलाला खोल खाचा लागतात. परत करायला मेसेज केला तर "पिकअप डिपॉझिट 499, रिफंडसोबत मिळेल". तेही भरले. दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

पैसे गेलेच आहेत, निदान वापरू तरी, असं म्हणून खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला निघालो. तोलार खिंडीच्या वरच्या रेलिंगच्या कातळावर लेकीचा पाय सरकला, गुडघा फुटला, आणि उठली तर उजव्या बुटाचा सोल पुढून अर्धा उघडलेला. रेलिंग हातात होती म्हणून निभावलं. ओढणी फाडून सोल बांधला आणि तसंच खाली आणलं तिला.

पोलीस चौकीत सांगितलं, "सायबरला जा." सायबरला गेले तर "बूट मिळाले ना मॅडम, मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा." बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. अहो, टाकला मी, पण ज्या खात्यात गेले ते खातं केवायसी करून कोणीतरी उघडून दिलंय ना? त्याला विचारा की! रक्कम ऐकून एकजण म्हणाला, "एवढ्याशासाठी?" माझ्या घरी चार हजारात महिन्याचा किराणा येतो.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लगेच करा, मी 9 दिवसांनी केला. आणि शूज दुकानातच घ्या, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, ट्रेकचे मोजे घालून, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून, नाहीतर उतरताना नखं काळीनिळी होतात. गोडाऊनचा जुना माल खरा असला तरी नको, पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा, सोल वर्षानुवर्षं पडून राहिला की भुगा होतो.

माझ्या तक्रारीवर 7 आठवडे "अंडर प्रोसेस" दिसतंय. काल तीच जाहिरात पुन्हा आली, नाव वेगळं, फोटो तेच, किंमत 1,799.