कवेलू की टिन? गळक्या छपराचा हिशेब

पाऊस तोंडावर आला की गावात हाच वाद. कवेलू, म्हणजे मातीची कौलं, फेरायचे (उतरवून, फुटके बदलून पुन्हा नीट रचायचे), की एकदाचे टिन, म्हणजे पत्रे, टाकायचे?

नळीच्या कवेलूंचं घर उन्हाळ्यात सुसह्य राहतं. चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर गेला की त्याची किंमत कळते. पण दरवर्षी मृगाच्या आधी फेरणी आलीच. वानरांची टोळी छपरावरून गेली की पुन्हा फेरणी. त्यात फेरणारी जुनी माणसं आता मिळत नाहीत.

टिन एकदा ठोकलं की वर्षानुवर्षं बघायला नको, असं दुकानदार सांगतो. गळतं ते बहुतेकदा पत्र्यातून नाही, स्क्रूच्या भोकातून. स्क्रू पन्हाळीत नको, उंचवट्यावर मारा, रबरी वायसर लावून. वायसर उन्हानं तडकतं, तेव्हा अधूनमधून बदला. जोडावर एक पत्रा दुसऱ्यावर निदान १५ सेंटीमीटर चढलेला हवा.

दोन उतार मिळतात तिथली पन्हाळ दोन्ही छपरांत सारखीच दगा देते: पाला साचतो, पाणी तुंबतं आणि मागे सरकून आत शिरतं. ती आधी झाडा.

माझं मत? राहत्या खोल्यांवर कवेलू, गोठ्यावर टिन. फेरणारा मिळतच नसेल तर सगळीकडे टिन, पण खाली बांबूच्या तट्ट्या घालून.