कॅलिबर: जुन्या टॅबवरची मराठी पुस्तकं नव्यावर नेताना कितपत उपयोगी पडतं

जुना टॅब बदलायची वेळ आली की त्यातल्या पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरात येतोय, म्हणून कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळायच्या सॉफ्टवेअरबद्दल जरा सविस्तर लिहितेय. आधीच सांगते, चांगलं आहे आणि जरूर वापरा, पण ते काय करतं आणि काय करत नाही हे समजून मग हात घाला. फाइली इकडून तिकडे नेणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पुस्तकांची नावं, लावलेली मांडणी आणि पानोपानी केलेल्या खुणा या सुखरूप पोचवणं अवघड, आणि वाचणाऱ्या माणसाला हवं असतं तेच.

संग्रह माझ्या आत्याचा. सदाशिव पेठेत राहते, शिक्षिका होती, रिटायर झाल्यापासून संतवाङ्मयाचा अभ्यास मनापासून चाललाय, रोज सकाळी टॅब घेऊन बसते आणि पिवळ्या रंगाने ओळी रंगवत जाते. त्यात राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने मोफत ठेवलेल्या पीडीएफ, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, इंटरनेट आर्काइव्हवरचे जुन्या ग्रंथांचे स्कॅन, बुकगंगावरून विकत घेतलेली पुस्तकं, मैत्रिणींनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या असंख्य फाइली, आणि त्यातच मिसळलेले पेन्शनचे कागद, मेडिक्लेमची पॉलिसी, सोसायटीच्या पावत्या असं सगळं एकत्र होतं. टॅब अँड्रॉइड ५ वरचा, चार्जिंगचा पॉइंट ढिला झालेला, बरीचशी ॲप आता त्यावर अपडेटच होत नाहीत.

नवा टॅब जिथून घेतला त्या दुकानात डेटा ट्रान्सफर करून देतो म्हणून वेगळे पैसे घेतले आणि फोटो, कॉन्टॅक्ट, थोडी ॲप एवढंच आलं. पुस्तकांचं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते ॲपमधे लॉगिन केलं की आपोआप येईल." विकत घेतलेल्या पुस्तकांपुरतं हे खरंय. बुकगंगाची पुस्तकं त्यांच्या ॲपमधेच उघडतात, किंडलची किंडलमधे, म्हणजे तिथे फाइल शोधत बसण्यात अर्थ नाही, त्याच अकाउंटने लॉगिन करायचं आणि परत डाउनलोड करायचं. आणि आता तर ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मधे वेबसाइटवरून किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून वायरने टाकायची सोयही बंद केलीय, त्यामुळे पासवर्ड आणि तो ज्या मोबाइल नंबरला जोडलाय तो नंबर चालू आहे ना हे जुना टॅब हातात असतानाच बघून घ्या. गूगल प्ले बुक्समधे आपण स्वतः अपलोड केलेली पीडीएफ किंवा ईपब (अक्षर लहानमोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल) असतील तर तीही अकाउंटबरोबर येतात. पण आत्याच्या संग्रहातला मोठा हिस्सा कुठल्याच अकाउंटला जोडलेला नव्हता, त्या नुसत्या फाइली होत्या, वेगवेगळ्या फोल्डरमधे पडलेल्या, आणि त्यांच्यासाठी लॉगिन वगैरेचा काही उपयोग नाही.

फाइली बाहेर काढताना कॅलिबरची गरज नाही. टॅब वायरने लॅपटॉपला लावला की तो आधी फक्त चार्ज होतो, वरून नोटिफिकेशन ओढून फाइल ट्रान्सफर निवडावं लागतं, आणि काही स्वस्तातल्या वायरी नुसत्या चार्जिंगच्याच असतात, त्यात डेटाच्या तारा नसतातच, तेव्हा टॅब दिसत नसेल तर आधी वायर बदला. आमचा पॉइंट ढिला असल्यामुळे वायर हलली की कॉपी तुटायची आणि अर्धवट आलेली फाइल यादीत व्यवस्थित दिसते पण उघडत नाही, हे फार फसवं आहे. म्हणून सगळं टॅबमधल्या मेमरी कार्डवर घेतलं आणि तापकीर गल्लीतून एक कार्ड रीडर आणला, मग काम सरळ झालं. अँड्रॉइड ६ पासून कार्ड इंटर्नल स्टोरेज म्हणून फॉरमॅट करायची सोय आलीय, तसं केलेलं कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि दुसरीकडे कुठेच वाचता येत नाही, त्यामुळे तुमचं कार्ड साधं पोर्टेबल आहे का ते आधी बघा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण साइज जुळते का तेही बघायचंच.

व्हॉट्सॲपची पुस्तकं कुठे असतात हे बऱ्याच जणांना सापडत नाही. जुन्या टॅबमधे व्हॉट्सॲप नावाचा फोल्डर सरळ बाहेरच असतो, नव्या अँड्रॉइडमधे तो अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर असा आत गेलाय, आणि त्यात व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स. काही रीडर ॲप पुस्तकं अँड्रॉइड-डेटा या फोल्डरमधे ठेवतात, तो अँड्रॉइड ११ पासून बाहेरच्या फाइल मॅनेजरला सहसा उघडता येत नाही आणि ॲप काढून टाकलं की त्याचा तिथला फोल्डरही पुसला जातो. म्हणजे जागा करायला म्हणून आधी ॲप उडवायचं आणि मग पुस्तकं शोधायची असं अजिबात करू नका.

आता कॅलिबर. हे फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. कोविद गोयल यांनी २००६ मधे सुरू केलं, सोनीचं पीआरएस-५०० हे रीडर लिनक्सवर चालत नव्हतं म्हणून, म्हणजे याचा जन्मच पुस्तकं एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्याच्या अडचणीतून झालाय आणि ते वापरताना जाणवतं. घरचा कॉम्प्युटर जुना असेल तर एक गोष्ट बघा, आवृत्ती ६ पासून ३२ बिट विंडोज चालत नाही, तिथे आवृत्ती ५ घ्यावी लागते, आपल्या कामाला तीही पुरते. टॅबवर चालणारं ॲप हे नाही, लॅपटॉप किंवा डेस्कटॉप लागतोच.

सगळ्या फाइली ॲड बुक्समधे टाकल्या की कॅलिबर त्यांची स्वतःची वेगळी कॉपी करून आपल्या फोल्डरमधे ठेवतं, मूळ फाइलींना हात लावत नाही, हे मला फार आवडलं. मग टेबलासारखी यादी दिसते, नाव, लेखक, टॅग, मुखपृष्ठ. इंग्रजी पुस्तकांची माहिती ते नेटवरून आणतं पण मराठीची क्वचितच सापडते आणि कधीकधी भलतीच येते, त्यामुळे हाताने भरावी लागते. डीओसी-२०२१-अमुक-डब्ल्यूए-तमुक अशी नावं असलेल्या फाइली एकेक उघडून बघणं, आत्याला विचारणं, नाव टाइप करणं, याला वेळ लागतो आणि त्याला पर्याय नाही. पण हे काम आत्याच्या शेजारी बसून केल्यामुळे छान झालं. तिने विषयांचे टॅग स्वतः सांगितले, "अभंग वेगळे, टीका वेगळ्या आणि चरित्रं त्यात मिसळू नकोस गं," आणि तशीच मांडणी केली. वर्षानुवर्षं जमवलेल्या पुस्तकांना पहिल्यांदाच धड नावं मिळाली, आणि नुसती फोल्डर कॉपी केली असती तर हे कधीच झालं नसतं.

फाइंड डुप्लिकेट्स नावाचं प्लगइन, म्हणजे कॅलिबरला वरून जोडायची सोय, जरूर टाका. त्यात दोन फाइली आतून तंतोतंत सारख्या आहेत का हे तपासता येतं, नावं कितीही वेगळी असली तरी. व्हॉट्सॲपवरून तेच तेच पुस्तक वेगवेगळ्या ग्रुपमधून आलेलं असतं त्यामुळे संग्रह बराच हलका होतो. मात्र एकाच ग्रंथाचे दोन वेगळे स्कॅन यात सापडत नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण एका स्कॅनमधलं फाटलेलं पान दुसऱ्यात चांगलं असू शकतं.

आता तक्रारी. पहिली, देवनागरी नावांची. यादीत नाव व्यवस्थित मराठीत दिसतं पण कॅलिबर आपल्या फोल्डरमधे फाइलींना रोमन अक्षरातली नावं देतं, आणि ती इतकी विचित्र होतात की फोल्डर उघडून पुस्तक ओळखताच येत नाही. यावर उपाय आहे. प्रेफरन्सेसमधे सेव्हिंग बुक्स टू डिस्क या भागात इंग्रजी नसलेली अक्षरं बदलायची एक टिक असते ती काढायची, आणि मग सेव्ह टू डिस्क केलं की नावं जशी मराठीत लिहिली तशीच येतात. त्या फोल्डरची झिप करून पाठवू नका, देवनागरी नावांची झिप दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर उघडली की नावांचा कचरा झालेला असू शकतो, साधा फोल्डरच कॉपी करा.

दुसरी, रूपांतराची. टॅबवर अक्षर मोठं करून वाचता यावं म्हणून पीडीएफचं ईपब करावं असं आपल्याला वाटतं, आणि कॅलिबरमधे बटण आहेच. इंग्रजीत बरं जमतं, मराठीत बहुतेक वेळा नाही. आपल्याकडची बरीच जुनी पुस्तकं युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत रुळायच्या आधीच्या, श्रीलिपीसारख्या फाँटमधे डीटीपी केलेली आहेत, डोळ्यांना मराठी दिसतं पण आत वेगळीच अक्षरं साठवलेली असतात, त्यामुळे त्यात शब्द शोधता येत नाही आणि रूपांतर केलं की निरर्थक चिन्हांची ओळ येते. स्कॅन केलेल्या पुस्तकात तर मजकूरच नसतो, नुसती चित्रं. कॅलिबरच्या माहितीपुस्तिकेतही रूपांतरासाठी पीडीएफ हा सगळ्यात वाईट प्रकारांपैकी एक असं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे दोष त्यांना देत नाही, पण मराठी वाचकाने ही अपेक्षा ठेवू नये. पीडीएफ पीडीएफच राहू द्या आणि टॅब मोठ्या स्क्रीनचा घ्या. ईपब मात्र युनिकोडमधलं असेल तर अतिशय सुंदर दिसतं, आपली फाइल किंडलवर पाठवायची ॲमेझॉनची सेंड टू किंडल ही सोयही २०२२ पासून ईपब सरळ घेते.

आणि खुणा, ज्याची आत्याला सगळ्यात जास्त काळजी होती. "पुस्तकं परत मिळतील, माझ्या खुणा परत कोण देणार," असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती आणि तिचं बरोबर होतं. इथे कॅलिबर तुमच्यासाठी काही करत नाही, सगळं जुन्या टॅबवरच्या वाचायच्या ॲपवर अवलंबून आहे. अक्रोबॅटसारखं ॲप खुणा त्या पीडीएफमधेच लिहितं, फाइल गेली की खुणा तिच्याबरोबर जातात. पण बरीच ॲप खुणा स्वतःच्या डेटाबेसमधे ठेवतात, मग फाइल नव्या टॅबवर उघडली की कोरी. मून प्लस रीडरमधे बॅकअप आणि रिस्टोर आहे ते वापरा. केओरीडर पुस्तकाशेजारीच एसडीआर या शेपटीचा फोल्डर करून त्यात खुणा आणि वाचलेलं पान ठेवतं, तो फोल्डर पुस्तकाबरोबर न्यायचा. आत्याची निम्मी पुस्तकं अक्रोबॅटमधली होती ती जशीच्या तशी आली. बाकीच्यांसाठी जुन्या टॅबवर एकेक पुस्तक उघडून खुणांसकट एक्सपोर्ट केलं आणि तीच प्रत कॅलिबरमधे घातली. कंटाळवाणं काम आहे, पण हे कॅलिबरमधे पुस्तकं भरायच्या आधी करा, नंतर केलं तर त्याच पुस्तकाच्या खुणावाल्या आणि कोऱ्या अशा दोन दोन प्रती होऊन बसतात.

एक सोपी तपासणी सांगते. खूप खुणा केलेलं एक पुस्तक घ्या, ते लॅपटॉपवर साध्या पीडीएफ रीडरमधे उघडा. पिवळं दिसलं तर खुणा फाइलमधे आहेत. नाही दिसलं तर एक्सपोर्टचं काम आहे.

नव्या टॅबवर टाकताना वायर लावली की कॅलिबर टॅब ओळखतं आणि सेंड टू डिव्हाइस म्हटलं की पुस्तकं जातात, जाताना तुम्ही भरलेलं नाव आणि लेखक फाइलच्या आतही लिहितं, त्यामुळे रीडर ॲपमधे नीट यादी दिसते. टाकलेलं पुस्तक टॅबवर लगेच दिसलं नाही तर घाबरू नका, टॅब एकदा बंद करून चालू करा. वायर नको असेल तर कनेक्ट/शेअर मधून कंटेंट सर्व्हर चालू करायचा, लॅपटॉप आणि टॅब एकाच वायफायवर असले की टॅबच्या ब्राउझरमधे तो पत्ता टाकून पूर्ण लायब्ररी दिसते आणि हवं ते पुस्तक उतरवता येतं. आत्याला हे इतकं आवडलं की आता नवीन पुस्तक मी लॅपटॉपवर घालते आणि ती तिच्या खुर्चीतून घेते. फक्त गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट गेली की राउटर बंद, त्यामुळे मोठी कॉपी त्या दिवशी ठेवू नका.

पेन्शनचे कागद, पॉलिसी वगैरे मी कॅलिबरमधे घातले नाहीत आणि तुम्हीही घालू नका, कंटेंट सर्व्हर चालू केला की त्या वायफायवरच्या कुणालाही लायब्ररी दिसू शकते. ते वेगळ्या फोल्डरमधे ठेवले, जे डिजिलॉकरमधे मिळतात ते तिथून घेतले. कॅलिबरचा अख्खा फोल्डर एका पेन ड्राइव्हवरही घेऊन ठेवलाय, त्यातली मेटाडेटा डीबी ही यादीची फाइल राहून गेली तर केलेली मांडणी बिघडू शकते म्हणून सुटी पुस्तकं न घेता पूर्ण फोल्डरच घ्यायचा.

जुना टॅब कुणाला द्यायचा असेल तर जिची पुस्तकं आहेत तिला आधी नव्यावर सलग थोडे दिवस वाचू द्या, काही राहिलंय हे वाचतानाच कळतं. मग मेमरी कार्ड काढून घ्या, सेटिंगमधून गूगल अकाउंट काढा, आणि त्यानंतरच रीसेट करा, नाहीतर अँड्रॉइड ५.१ आणि पुढच्या टॅबवर रीसेटनंतर जुन्या अकाउंटचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो आणि नव्या माणसाला तो उघडतच नाही.