मांडव एकच आहे, द्राक्ष चढवू की पॅशनफ्रूट?

मी दोन्ही केलंय, आधी सहा वर्षं द्राक्ष आणि त्याच मांडवावर आता चौथं वर्ष पॅशनफ्रूट, त्यामुळे माझ्या अनुभवापुरतं सांगतो, तुमच्याकडे वेगळं होऊ शकतं.

द्राक्षाबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही खरंतर. नीट लागला तर वेल पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टमधला १७६८ साली लावलेला वेल अजून फळतोय. छाटणीचीही भीती नको, गेल्या वर्षीच्या काडीवरच्या डोळ्यातून जी नवी फूट येते तिला घड लागतात, एवढं लक्षात ठेवलं की हात बसतो. ढगाळ हवेत भुरी, म्हणजे पांढरी बुरशी येते, गंधक मारावं लागतं, ते मी धरूनच चाललो होतो.

मला नडलं ते वेगळंच. द्राक्ष तोडल्यावर गोड होत नाही, जी काय गोडी उतरायची ती वेलावरच. म्हणजे थांबावं लागतं, आणि पाखरं थांबत नाहीत. आज एक मणी खाऊन बघितला, जरा आंबट लागला, म्हटलं अजून दोन दिवस राहू दे, की दुसऱ्या दिवशी सकाळी घडाला नुसते देठ आणि फाटकी सालं लोंबतायत. कागदी पिशव्या बांधल्या तर एका पावसात आत मणी सडले. मग जाळी टाकली, तर वेलाचे तणावे त्या जाळीलाच असे गुंडाळले की काढताना निम्मी जाळी कापायला लागली. आणि एका सकाळी त्यात एक छोटं पाखरू पायाने अडकलेलं दिसलं, कात्रीने एकेक धागा तोडून सोडवलं, हातात त्याचं काळीज धडधडत होतं. त्यानंतर जाळी परत लावायची इच्छाच झाली नाही.

पॅशनफ्रूटला ही शर्यतच नाही. साल जाड, पिकलं की फळ आपोआप खाली पडतं, आपण सकाळी वेचायचं. लगेच कापू नका, साल सुरकुतेपर्यंत टोपलीत राहू द्या, आंबटपणा बराच उतरतो. फूल तर कृष्णकमळाचंच भाऊबंद, फळ नाही आलं तरी बघत राहावं असं.

पण तोटे आहेत. वेल चार-सहा वर्षांत थकतो, म्हणून माझं पुढचं रोप आत्ताच कुंडीत तयार आहे. वाढतो बेफाम, सारखं कापावं लागतं. मुळाशी पाणी साचलं तर गेलाच. बिया कुरकुरीत, काहींना त्या आवडत नाहीत, आणि मूठभर मणी तोंडात टाकायची मजा यात नाही ती नाहीच. कडक थंडी, बर्फ पडत असेल तर मात्र विचारच नको, द्राक्षच लावा.

नाहीतर मी तरी पॅशनफ्रूट म्हणेन, आणि त्यातही जांभळं, कारण त्याला सहसा एकच वेल पुरतो. पिवळ्याला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या रोपाचा वेल लागतो, त्याच वेलाची फांदी लावून उपयोग नाही, आणि मोठे काळे भुंगे येत नसतील तर दुपारी फुलं उमलल्यावर ब्रश घेऊन आपणच फिरायचं. मांडवाखाली फरशी असेल तर वाळलेल्या पानांचा जाड थर पसरून ठेवा, नाहीतर पडलेली फळं फुटतात आणि मुंग्या लागतात.