आठ महिने डिझेल अ‍ॅडिटिव्ह वापरून: जुन्या कॅम्परचा हिशेब

आमची गाडी 2007 ची टेम्पो ट्रॅव्हलर. मागच्या सीटा काढून बेड, ओटा, सिंक बसवलंय, आरसीवर रीतसर नोंद आहे. इंजिन ओएम 616, म्हणजे 1973 साली मर्सिडीजच्या 240 डी मध्ये आलं ते 2.4 लिटरचं. टर्बो नाही, सेन्सर नाही. वर्षाला जेमतेम सहा हजार किलोमीटर फिरते आणि पावसाळाभर सांगलीत अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. बहुतेक दुखणी या उभं राहण्यातूनच आली, हे मला फार उशिरा कळलं.

तक्रारी तीन होत्या. सकाळी सुरू करताना पांढरा धूर, घाटात काळा धूर आणि पिकअप मेलेला. शिवाय 'बीएस 6 डिझेलने (प्रदूषणाच्या नव्या निकषांचं, कमी गंधकाचं) जुने पंप झिजतात' ही भीती डोक्यात बसलेली. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडिटिव्हच्या, म्हणजे डिझेलमध्ये घालायच्या औषधाच्या, बाटल्या मागवल्या. साफसफाई, सिटेन (डिझेल किती चटकन पेटतं त्याचा आकडा) आणि वंगण असा तिन्हीचा दावा. एका टाकीला साधारण अडीचशे रुपये पडत होते.

आधी त्या भीतीबद्दल. बीएस 3 डिझेलमध्ये गंधक 350 पीपीएमपर्यंत चालायचं, बीएस 4 मध्ये ते 50 वर आलं आणि एप्रिल 2020 पासून बीएस 6 मध्ये 10 वर. गंधक स्वतः वंगण नव्हे, पण ते काढताना डिझेलमधले नैसर्गिक वंगण देणारे घटकही जातात. म्हणून कंपन्या वंगण वाढवणारं रसायन परत घालतात आणि त्याची चाचणीही असते: डिझेलमध्ये धातूवर धातू घासून पडलेला व्रण 460 मायक्रॉनच्या आत हवा. म्हणजे पंपावरचं डिझेल अगदीच कोरडं नसतं. त्यातून माझ्या गाडीला लाइन पंप आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल ढकलणारा वेगळा दट्ट्या (प्लंजर) एका ओळीत. त्याच्या कॅमला इंजिन ऑइल मिळतं, डिझेलवर भिस्त फक्त प्लंजरची. रोटरी पंपवाल्यांचं (फिरत्या एकाच भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा) तसं नाही, तिथे सगळं वंगण डिझेलचंच. त्यांनी थोडं जास्त सावध राहिलेलं बरं.

तिसऱ्या टाकीला फजिती झाली. गुहागरहून परतताना कुंभार्ली घाटाच्या मध्यावर गाडी आधी ओढेना, मग खोकली आणि बंद पडली. फिल्टर काढला तर तळाशी चहाच्या गाळासारखा काळा बुळबुळीत चिखल, नाकाला आंबूस वास. सुदैवाने जुना फिल्टर मी कधी फेकत नाही आणि नवा एक सीटखाली असतो. नवा बसवला, हातपंप मारमारून एअर काढली. अर्ध्या तासात हात कोपरापर्यंत डिझेलने माखले. मागे बायकोने चहा केला आणि कपाबरोबर एकच प्रश्न दिला, "बाटलीवर हे लिहिलं होतं का?"

लिहिलेलं नव्हतं. पण दोष बाटलीचाही म्हणता येत नाही. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली की आत दमट हवा शिरते, रात्री गार झालेल्या पत्र्यावर पाणी धरतं आणि तळाला जाऊन बसतं. डिझेल आणि पाणी भेटतात त्या रेषेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. तो चिखल त्यांचाच. क्लीनरने वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सोडवला आणि फिल्टरने तो इमानदारीने अडवला. जुन्या गाडीत क्लीनर घालायचा असेल तर आधी टाकी उतरवून धुवा. मी हे काम डिसेंबरमध्ये केलं, म्हणजे उलट्या क्रमाने.

टाकी धुतल्यावरही काळा धूर तसाच. जानेवारीत नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) काढून पंप-नोझलवाल्याकडे नेले. त्याने एकेक नोझल टेस्टरला लावून दांडा दाबला. या इंजिनाचा नोझल सुमारे 115 ते 125 बार दाबाला उघडून बारीक फवारा मारायला हवा. माझे दोन शंभराच्या आतच उघडत होते आणि एकाच्या टोकाला थेंब लोंबत होता, गळक्या नळासारखा. तो म्हणाला, "काका, याला औषध नाही, टिप बदला." टिपा बदलल्या, प्रेशर सेट केलं, गार इंजिन सुरू होताना आतून तापवणारा एक हिटर प्लग मेलेला होता तोही बदलला. दुसऱ्या दिवशी पांढरा धूर जवळजवळ गेला आणि घाटात गाडी एक गिअर वर चढायला लागली. तीन महिने औषध पाजून जे झालं नाही ते एका दुपारी झालं.

मग नीट तुलना केली: दोन टाक्या अ‍ॅडिटिव्हशिवाय, दोन त्याच्यासह, दरवेळी टाकी काठोकाठ भरून. 11 च्या जागी 11.2 चा अ‍ॅव्हरेज. हा फरक वाऱ्याचाही असू शकतो. खरा धरला तरी साठ लिटरमागे लिटरभर डिझेल वाचतं, म्हणजे नव्वद रुपयांच्या आसपास, आणि औषध अडीचशेचं. आपल्याकडच्या डिझेलचा सिटेन मुळात किमान 51 असतो. अमेरिकेत ही मर्यादा 40 आहे, तिथे अशा बाटलीला काही वाव असेल. एक मात्र कबूल करतो, सकाळच्या गार इंजिनाचा खडखडाट थोडा मऊ वाटला. कानाचा भरवसा किती धरायचा ते तुम्ही ठरवा.

गोठणरोधक तर महाराष्ट्रात निव्वळ खर्च. लडाखला थंडीत जाणार असाल तर गोष्ट वेगळी, पण तिथे 2019 पासून उणे 33 अंशापर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल मिळतं. आणि गोठणरोधक घालायचंच तर डिझेल गोठण्याआधी घालायचं असतं, मेण धरल्यावर त्याचा उपयोग नाही.

बाटली घेताना एक बघा: पाणी डिझेलमध्ये मिसळवून टाकणारी आहे की वेगळं पाडणारी? मिसळवणारी पाणी थेट नोझलपर्यंत नेते. वेगळं पाडणारी घ्या आणि दर पंधरा दिवसांनी सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी अडवणारा भाग) खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत सोडा. आमच्याकडे लोणच्याची जुनी बरणी आहे. पहिल्यांदा तळाला दोन बोटं पाणी दिसलं, आता थेंबभर.

मे अखेरीस टाकी गळ्यापर्यंत भरली, बायोसाइडची, म्हणजे बुरशी-जिवाणू मारणाऱ्या औषधाची, मापात मात्रा घातली आणि औषध पंपापर्यंत पोचावं म्हणून वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं. ऑइल 15 डब्ल्यू 40 बदललं, टॅपेट सेट केले. उरलेली दीड बाटली गॅरेजच्या फळीवर आहे. ती संपली की नवी आणणार नाही. त्या पैशात दोन फिल्टर येतात.