दोन लेकरं घेऊन क्रूझला: आठ महिन्यांत दोन फेऱ्या केल्यावरचं मत

डिसेंबरात जहाजातून उतरल्या उतरल्या कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून "जा" म्हणाले असते. तीन दिवस आयता चहा, आयतं जेवण, पलंगाच्या चादरी दुसरंच कुणी घालतंय, एवढ्यावरच मी खूश होते. मग मेच्या शेवटी दुसऱ्यांदा गेलो आणि निम्मं मत बदललं. आता ऑगस्ट लागलाय, पहिल्या फेरीचे हप्ते फिटलेत, म्हणून निवांत लिहिते.

आम्ही लातूरचे. पहिल्या वेळी आम्ही दोघं, पावणेतीन वर्षांची थोरली, दहा महिन्यांचा धाकटा आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. दुसऱ्या वेळी दोनच रात्री, आणि आत्या नाहीत. ही दुसरी फेरी आमच्या खिशाला झेपणारी नव्हती. पण पहिल्या वेळी खोलीतला एसी एक अख्खी रात्र बंद पडला होता. तीनदा फोन केला तेव्हा पहाटे माणूस आला. लेखी तक्रार दिल्यावर पुढच्या प्रवासाला सवलत मिळाली, सहा महिन्यांत वापरायच्या अटीवर. फुकटाचं सोडवत नाही, गेलो.

एजंट म्हणाला होता, "लहान मुलं फ्री." तसं नसतं. भाडं माफ असलं तरी बंदराचं शुल्क आणि कर लेकरांनाही लागतात. शिवाय तान्हं बाळसुद्धा खोलीत एक माणूस म्हणूनच मोजतात, कारण जीवरक्षक नावेतल्या जागा माणसागणिक असतात. देशातल्या देशात असल्यामुळे पासपोर्टची गरज नव्हती, पण धाकट्याचं आधार काढलेलं होतं ते कामी आलं. परदेशी क्रूझवाल्यांकडे बाळ किमान सहा महिन्यांचं लागतं, आणि लागोपाठ तीन-चार दिवस समुद्रातच असणार असतील तर बऱ्याच ठिकाणी वर्षाचं. हे बुकिंगच्या आधी विचारून घ्यायचं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे सगळ्यांनी "एवढं तान्हं लेकरू कशाला नेता" म्हणून डोकं खाल्लं होतं. त्या तान्ह्याचा काडीचा त्रास झाला नाही. पोटाशी बांधायच्या पिशवीत बसून जेवला, नाटक बघितलं, झोपला. जीव खाल्ला तो पावणेतीन वर्षांच्या थोरलीनं. मुलांच्या खेळखोलीत एकटं सोडायला तीन वर्षं पूर्ण लागतात आणि शी-शू सांगता यावं लागतं. तिचं दोन्ही नव्हतं. तिथं न्यायचं तर आपण बसून राहायचं. पोहण्याच्या तलावाशी पाटी: डायपरवाल्या मुलांना प्रवेश नाही. पाण्यात घालायचा वेगळा डायपर घेतला होता, तोही चालत नाही म्हणाले. तलावातल्या पाण्याचा प्रश्न आहे, नियम बरोबरच आहे. पण काठावर हंबरडा फोडून बसलेल्या पोरीला नियम काय सांगणार?

मेमध्ये तीच पोरगी सव्वातीनची. खेळखोलीत तासतासभर रमली, मला "तू जा" म्हणाली. आणि धाकटा सव्वा वर्षाचा, नुकते पाय फुटलेले. जिना दिसला की चढायचा, दार दिसलं की पळायचा. उघड्या डेकवर जायच्या दारांना समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून काही ठिकाणी उंच उंबरठे असतात, त्यावर दोनदा आपटला. म्हणजे पाय फुटल्यापासून तीन वर्षं भरेपर्यंतचं लेकरू घेऊन जहाजावर जाणं म्हणजे पैसे भरून राखण करणं. त्याच्या अलीकडचं बाळ चालेल, पलीकडचं तर मजेत राहील.

लातूर एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते. बंदर तिथून टॅक्सीनं जवळच, बॅलार्ड पिअरला. पण जहाजावर घेतात दुपारी, त्यामुळे मधले तास स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये काढायची तयारी ठेवा. आणि मोठ्या बॅगा बंदरातच घेतात, त्या खोलीत येतात संध्याकाळी. आमची डायपरची थप्पी त्या बॅगेत गेली होती. सात वाजेपर्यंत दोन डायपरवर दिवस काढला, त्यातला एक थोरलीचा धाकट्याला.

तपासणीत आमचा अर्धा संसार बाजूला निघाला. इलेक्ट्रिक किटली ठेवून घेतली, उतरताना परत दिली. घरी केलेल्या नाचणी सत्वाचा डबा चालला नाही, दुकानातलं बंद पाकीट मात्र चाललं. आणि आत्यांनी बाळाच्या धुरीसाठी धुपाटणं आणि ओवा आणला होता! तो सुरक्षारक्षक केरळी असावा, त्याला धुपाटणं म्हणजे काय हे ह्यांनी इंग्रजीत समजावून सांगितलं. जहाजावर आगीला सगळ्यात जास्त भितात, उघडा विस्तव कुठंच नाही, खोल्याखोल्यांत धूर ओळखणारं यंत्र. आत्या तीन दिवस कुरकुरल्या, पण बाळाला काही झालं नाही.

खोली आम्ही खिडकी नसलेली, आतली घेतली, स्वस्त म्हणून. दिवा घालवला की बळदासारखा अंधार. लेकरं दोन-दोन तास दुपारी झोपली, जी घरी अर्धा तास झोपत नाहीत. फक्त जाग आली की दिवस का रात्र कळत नाही. बाळाचा पलंग आधी सांगितला तर फुकट मिळतो, मोजकेच असतात. मी झोळी बांधायच्या तयारीनं साडी घेऊन गेले होते. बांधायला काही नव्हतं, आणि गरजही पडली नाही, अख्खं जहाजच मंद हलत होतं. भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक नेले तर टॉवेल, पिशव्या, ओले झबले सगळं टांगता येतं. माझ्या मते सगळ्यात कामाची खरेदी ती.

न्हाणीघरात बादली-मग नाही. उभ्यानं शॉवर, तोही दोन फूट चौकोनात, अंगाला चिकटणारा पडदा. बाळाला न्हाऊ कसं घालायचं? लातूरच्या गंजगोलाई बाजारातून फुगवायचा टब घेतला होता, तो शॉवरखाली बरोबर बसला. संडासाचा आवाज मात्र लेकरांना आधी सांगून ठेवा. हवेनं ओढणारा असतो, बटण दाबलं की असा हिसका मारतो की थोरली दोन दिवस जायलाच तयार नव्हती.

एवढं गोडं पाणी बघून आत्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "संपलं तर टँकर कुठून येणार गं?" हसू नका, आम्ही एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं आहोत. ह्यांनी चौकशी करून सांगितलं की जहाज समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून गोडं पाणी स्वतःच करतं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि तरी नळ बारीकच सोडला.

जेवणाचं सोपं झालं. आदल्या संध्याकाळी वाढप्याला सांगितलं की धाकट्यासाठी गुरगुट्या भात आणि बिनतिखटाचं वरण वेगळं मिळायचं. बाकीच्यांना इडलीपासून पास्त्यापर्यंत सगळं. पण सगळे वाढायच्या एकाच डावाला हात लावतात, म्हणून हात धुण्यात कंजुषी करू नका. जहाजांवर जुलाब-उलट्या पसरवणारा जो नोरोव्हायरस असतो तो सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, साबण आणि पाणीच लागतं. बाटल्या उकळायला किटली नसल्यामुळे कॅफेतून उकळतं पाणी थर्मासात आणायचो.

बोट लागण्याचं आमच्या कल्पनेच्या उलट झालं. डिसेंबरात समुद्र शांत, कुणालाच काही नाही. मेअखेरीला पावसाळ्यापूर्वीच्या लाटा सुरू झाल्या होत्या, तेव्हा पहिल्या रात्री मी आणि थोरली आडव्या. धाकटा टुणटुणीत. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी जाण्याआधीच सांगितलं होतं, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा लागत नाही, त्यानंतर बारा वर्षांपर्यंतच्यांना जास्त लागते. औषधाचा डोसही त्यांच्याकडूनच वजनावर लिहून घेतला होता. जहाजावर डॉक्टर असतात, पण पैसे लागतात आणि ते लेकरांचेच डॉक्टर असतील असं नाही. दुसऱ्या वेळी आमची खोली पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर आली होती, तिथं हेलकावे जास्त. पुढच्यांनी मधली आणि खालची मागून घ्या.

पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत टाळायला बघणारे फार होते. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजतो, धाकटा घाबरून रडला, तरी आम्ही पूर्ण केली. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट खोलीत नव्हतं, मागितल्यावर आलं. न मागता येत नाही, लक्षात ठेवा.

पहिल्या फेरीचा सगळ्यात चांगला दिवस सांगू? जहाज गोव्याला मुरगाव बंदरात लागलं आणि सगळे किनारे बघायला पळाले. आम्ही उतरलोच नाही. वरचा डेक रिकामा, उपाहारगृह रिकामं, आत्या आरामखुर्चीत पाय पसरून बसलेल्या, मांडीवर धाकटा. मी एकटी अर्धा तास समुद्राकडे बघत बसले. लग्नानंतर पहिल्यांदा असेल. भर समुद्रात फोनला रेंज नसायची, त्याचंही बरं वाटलं. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा मात्र, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल येतं.

मेमध्ये असं अर्ध्या मिनिटाचंही बसणं झालं नाही. एक जण लाटांनी आडवी, दुसरा पळणाऱ्या पोराच्या मागे. दुसऱ्या रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम आम्ही दोघांनी आळीपाळीनं वीस-वीस मिनिटं बघितला. तेव्हा कळलं की पहिल्या वेळी मी ज्याला "क्रूझचा आराम" समजत होते त्यातला निम्मा आत्यांचा होता. रात्री बाळाला खांद्यावर टाकून खोलीबाहेरच्या गलरीत फेऱ्या मारणाऱ्या त्याच होत्या. तेव्हा तिकिटाच्या पैशात आणखी एका मोठ्या माणसाचं भाडं धरा, मग बाकीचा हिशोब करा.

थोरली परत कधी जायचं म्हणून विचारते. धाकटा तीनचा होईपर्यंत नाही, असं तिला सांगितलंय, आणि आत्या येणार असतील तरच. चुंबकाचे हुक फ्रिजला लागलेत. टब गच्चीवर दोघांचं जहाज झाला, जुलैत फुटला, सायकलवाल्याकडून पंक्चर काढून आणलाय, अजून चालतो.