लगेज डब्याला पाचपैकी चार

कुर्ल्यात माझं हार-गजऱ्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी आणि वर ताडपत्री. पहाटे दादरच्या फूल बाजारात झेंडू, शेवंती घ्यायची आणि लोकलच्या लगेज डब्यातून आणायची, हे एकोणीस वर्षं चाललंय.

या डब्यात बाकडी कमी, मोकळी जागा जास्त. बास, एवढंच. पण टोपली खाली ठेवून चुंबळ मांडीवर घेतली की 'ओ मावशी, बाजूला घ्या' म्हणणारं कुणी नसतं. भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेऊन आलेल्या मावश्या पाट्या लावून बसलेल्या असतात. मासळीचं पाणी फुलांकडे यायला लागलं की त्यातलीच एक पायाने पोतं आडवं सरकवते. मला उशीर झाला तर डबेवाल्यांच्या लांब फळ्या भेटतात. मग मात्र गुडघे सांभाळायचे.

दुसऱ्या वर्गाचं 10 किलोमीटरपर्यंतचं तिकीट 5 रुपये, महिन्याचा पास 100. माल जास्त असला तर त्याचं वेगळं. टॅक्सीने एक खेप केली तरी पासाहून जास्त जातील. 2009 मध्ये 25 रुपयांचा 'इज्जत' पास निघाला होता, महिना 1500 पर्यंत कमाई असणाऱ्यांसाठी. म्हणजे दिवसाला 50 रुपये. तेवढ्यात माझी फुलंसुद्धा येत नव्हती.

एक तारा कापला तो पाठीवर बॅगा लावून आत घुसणाऱ्या पोरांसाठी. टोपलीत पाय देतात आणि वर आपल्याकडेच बघतात. 2025 मध्ये मध्य रेल्वेने एका लोकलमधला मधला लगेज डबा ज्येष्ठांसाठी करून दिला. सासूबाई खूश, मी जरा धास्तावलेली. आमच्या घरात यावर दोन मतं आहेत.

एका नव्या थंडगार गाडीच्या दारात मात्र मला टोपली बघूनच परत फिरवलं होतं. पुढे एक मुलगी टॅब घेऊन फळीपाशी आली, 'प्रवाशांच्या गरजा' विचारायला. दिवसातून किती फेऱ्या, कुठून कुठे, महिन्याला खर्च किती, सगळं विचारलं. सोबत काय असतं, ते नाही. मी म्हटलं, "टोपलीचं कुठे लिहिणार?" तिने वर-खाली शोधलं आणि 'इतर'वर बोट ठेवलं.